मेगालोडॉनचा जबडा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये: प्रकल्प नोंदी

१३ जुलै २०२५, रविवार

यंदा सोसायटीच्या गणपतीत मुलांचा देखावा माझ्याकडे आलाय. विषय मुलांनी आधीच ठरवून टाकलेला. ओंकारच्या घरी सगळ्यांनी मिळून 'द मेग' पाहिला, २०१८ चा, जेसन स्टॅथमवाला, आणि तेव्हापासून पार्किंगमध्ये दुसरा खेळ नाही, एकजण शार्क आणि बाकीचे पळतायत. त्यांना अख्खा मेगालोडॉन हवाय, लाखो वर्षांपूर्वी संपलेला तो प्रचंड शार्क, सिनेमात आहे तेवढाच, ७५ फूट. मलाही तो सिनेमा आवडतो. मी पुण्यातल्या शिवणे भागात एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढते, त्यामुळे 'ताई करेल' हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं आणि मी पण हो म्हणाले, अट एकच की जे करायचं ते मापात करायचं आणि सिनेमातलं किती खरं किती नाही ते शेजारी बोर्डवर लिहायचं.

जोशीकाका म्हणाले बाप्पासमोर असलं जनावर नको. बरोबर आहे त्यांचं, म्हणून मांडव सोडला आणि बी विंगखालचं पार्किंग घेतलं. तिथून गेटपर्यंत सरळ रस्ता आहे, टेप लावून मोजला तर २७ मीटर भरला. हे माप पुढे फार उपयोगी पडणार आहे.

बजेट १२,००० रुपये. एवढ्यात अख्खा शार्क होत नाही आणि थर्माकोलचा विचारच नाही, राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. मग ठरलं असं की जबडा खऱ्या मापाचा करायचा, हलता, आणि अंगाची लांबी रस्त्यावर आखायची. मुलं जरा हिरमुसली. सई म्हणाली, नुसत्या जबड्याला कोण घाबरेल. बघू.

२० जुलै, रविवार

श्रावण लागायच्या आत एक काम उरकलं. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून एक मुशी, म्हणजे छोटा शार्क, आणली. मासेमारी बंदीचे दिवस, ताजा माल फारसा नव्हता, बर्फातली मिळाली, हातभर लांब. शार्कचा जबडा चालतो कसा हे चित्रावरून कळत नाही आणि मला बिजागरी कुठे लावायची तेच ठरवता येत नव्हतं.

ओंकार, सई हातमोजे घालून बसले. कातडीवर डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर खरखर, बोट सोलेल इतकी. तोंड उघडून टाचणीने हिरडी मागे सारली तर पुढच्या दातांच्या मागे दुसरी ओळ आडवी झोपलेली, तिच्यामागे अजून एक, बारीक. पुढचा दात पडला की मागचा उभा राहत पुढे येतो, आयुष्यभर हेच चालू. मेगालोडॉनचंही असंच, म्हणून तर त्याचे दात जगभर सापडतात.

पण खरी गंमत वरच्या जबड्याची. खालचा जबडा खाली ओढला आणि नाकाड मागे दाबलं तर वरचा जबडा अख्खा पुढे सरकून बाहेर आला. कवटीला तो पक्का जोडलेलाच नसतो. सई किंचाळली आणि मग तिनेच तो परत परत पुढे-मागे करून बघितला, त्यानंतर नुसत्या जबड्याला कोण घाबरेल हा प्रश्न तिने काढला नाही.

सुरी लावली तर सांगाडा सरळ कापला गेला, हाड नाहीच, सगळी कूर्चा, आपल्या नाकाच्या शेंड्यात असते तशी. मुलांना तिथेच दाखवलं की मेलेला शार्क समुद्रतळावर पडला की हे सगळं विरघळून जातं, दात उरतात, नशीब असेल तर काही मणके. मेगालोडॉनचा पूर्ण सांगाडा आजवर कुणाला मिळालेला नाही. म्हणजे सिनेमातल्या शार्कचे दात पुराव्यावरचे आणि बाकीचं अंग अंदाजाचं. हे बोर्डवर पहिलं वाक्य म्हणून जाणार.

२६ जुलै, शनिवार

मापं ठरली. २०२२ मध्ये काही संशोधकांनी बेल्जियममध्ये मिळालेल्या मणक्यांवरून त्रिमितीय मॉडेल केलं होतं, सुमारे १६ मीटरच्या शार्कचं. त्यात जबडा पूर्ण उघडल्यावर उंची १.८ मीटर आणि रुंदी १.७ मीटर येते. आपण हेच घेतलं. माणूस फारसा न वाकता आत उभा राहू शकतो, फोटोला याच्यापेक्षा चांगलं माप मिळणार नाही.

पुढच्या ओळीचे दात ४६ धरले, वर २४ आणि खाली २२. मागच्या ओळी मिळून २७६ होतात असं सांगतात, पण आपल्याला पुढची ओळ पूर्ण आणि तिच्यामागे दुसरी अर्धवट झोपलेली एवढं पुरे.

इथे एक गोष्ट नीट सांगते कारण जो कुणी असा जबडा करेल तो इथे अडकणारच. मुलांनी पुठ्ठ्याचा एक छान मोठा दात कापला, १२ सेंमी रुंद, आणि तोच टेम्प्लेट ठेवून सगळे कापत सुटले. जमिनीवर ओळीने मांडले तर वरचे २४ दात २ मीटर ८८ सेंमी झाले. आपली वरची कमान सव्वादोन मीटरची. दात बसवायचे तर कमान वाढवावी लागते, कमान वाढवली की जबडा फुगतो. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये १९०९ मध्ये हेच झालं. तिथल्या जबड्यात माणसं बसलेला जुना फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल, त्यात बाजूच्या दातांनाही पुढच्यासारखंच माप धरलं होतं आणि जबडा खऱ्यापेक्षा साधारण एक तृतीयांश मोठा झाला. लोकांच्या मनातला राक्षसी मेगालोडॉन बराचसा त्या फोटोतून आला असणार असं मला वाटतं.

खरा क्रम असा, समोरचे दात मोठे आणि कोपऱ्याकडे जाताना लहान होत जाणारे, वरचे रुंद त्रिकोणी, खालचे जरा अरुंद. समोर १२ सेंमी रुंदीपासून सुरू करून शेवटी ३ सेंमीवर आणलं तर सगळे मिळून दोन मीटरच्या आत बसतात, मध्ये फटीही राहतात. मांडून झाल्यावर सगळेच थोडा वेळ बघत राहिलो. सारखे दात होते तेव्हा ते खेळणं वाटत होतं, लहान-मोठे झाल्यावर तोंड वाटायला लागलं.

३ ऑगस्ट, रविवार

आठवडा वाया. दात प्लास्टर ऑफ पॅरिसचे करायचे ठरलं होतं, शाडूचे साचे, त्यात ओतायचं. दिसायला अप्रतिम झाले, कडेची बारीक करवत पण आली. वजन केलं तर मोठा दात पाऊण किलोला. बुरूड आळीतून आणलेल्या बांबूच्या कामट्यांची कमान बांधून तयार होती, तिच्यावर वरचे दात बाइंडिंग वायरने बसवत गेलो आणि निम्म्यातच कमान मधून खाली आली, दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तीन दात फरशीवर फुटलेले.

कमान जाड करणे हा उपाय नाही, खालचा जबडा हलवायचाय, मोटरला ते झेपणार नाही. म्हणून प्लास्टर बंद. ९०० रुपये गेले. रविवार पेठेतून ६ मिलिमीटरची फोम शीट आणली, एका दाताला तीन थर, मधला थर जरा मोठा ठेवला की कडेला धार येते. फोमला फेव्हिकॉल धरत नाही, चपलेला लावतात ते सोल्यूशन लावा, दोन्ही बाजूंना लावून पाच मिनिटं वाळू द्या आणि मगच दाबा. खिडक्या उघड्या ठेवून, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं.

करवत करायला सोल्डरिंग गनचं टोक कडेवरून ओढलं, बारीक खाचा पडतात. वास घाण येतो, मास्क लावा. मेगालोडॉनच्या दाताची करवत बारीक आणि एकसारखी असते, ओबडधोबड नाही. दाताचा वरचा चकचकीत भाग आणि मूळ यांच्यामध्ये एक गडद पट्टा असतो, उलट्या व्ही सारखा, तो रंगवल्याशिवाय मेगालोडॉनचा दात मेगालोडॉनचा वाटत नाही. खालच्या रांगेत काम करणाऱ्या तिसरीतल्या पोराने तो पट्टा सगळ्यात सुबक काढलाय.

१० ऑगस्ट, रविवार

हिरडी आणि कूर्चेसाठी कागदाचा लगदा. रद्दी भिजवून, कुटून, मैद्याच्या खळीत. पाऊस थांबत नाहीये आणि बोटभर जाडीचा थर दिला होता, वरून कोरडा लागला, आत ओला. चौथ्या दिवशी काळी-हिरवी बुरशी आणि पार्किंगभर वास. गायकवाड काकूंच्या घरात दम्याचा त्रास आहे, त्यांनी येऊन सांगितलं, ताबडतोब सगळा लगदा खरवडून काढला.

दुसऱ्यांदा असं केलं. लगदा जवळजवळ बंद, त्याऐवजी कागदाच्या पट्ट्या, एका वेळी दोनच थर, तो पूर्ण वाळल्यावर पुढचा. बुरशी धरू नये म्हणून खळीत थोडं मोरचूद, बाइंडिंगवाले पूर्वीपासून टाकतात तसं. मोरचूद विषारी आहे, ती खळ मुलांच्या हातात द्यायची नाही, मी आणि ओंकारचे बाबा दोघांनीच लावली. वाळवायला टेबल फॅन रात्रभर. हॅलोजनचा दिवा लावून बघितला, वाळतं पटकन पण कागद सुरकुततो, म्हणून फॅनच बरा.

जे कुणी पुण्यात गणपतीसाठी कागदकाम करणार असतील त्यांनी मे महिन्यात करून ठेवावं. ऑगस्टमध्ये कागद वाळत नाही हे लिहून घ्या.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन झालं आणि दिवसभर मोटर.

वायपर मोटर नाना पेठेतून, जुनी, १२ व्होल्ट, ४५० रुपये. हलत्या देखाव्यांना हीच वापरतात, स्वस्त आणि वर्म गिअर असल्याने बंद केली की आहे तिथे थांबते. कमी स्पीडवर मिनिटाला साधारण ४५ फेऱ्या. जोडून बघितलं तर जबडा नुसता थरथरत उघड-मीट करत होता, कुणालाच ते मोठ्या प्राण्याचं तोंड वाटलं नाही. जेवढा प्राणी मोठा तेवढी हालचाल सावकाश दिसायला हवी, सिनेमातही शार्क वळतो तेव्हा तो किती मोठा आहे ते त्या संथपणातूनच कळतं.

व्होल्टेज कमी केलं तर जोर जातो आणि अर्ध्यात अडकते. म्हणून जुन्या सायकलची चेन लावली, मोटरवर १८ दात्यांचं फ्रीव्हील (सायकलच्या मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) वेल्ड करून टाकलं, म्हणजे ते मोकळं फिरणार नाही, आणि पलीकडे पेडलकडचं ४४ दात्यांचं चक्र. ४५ चे १८ झाले. वर स्पीड कंट्रोलर लावून दहाच्या आसपास आणले. आता एक उघड-मीट सहा सेकंदांची. मस्त.

उचलण्याचा प्रश्न वेगळा. खालचा जबडा १४ किलो, त्याचा भार बिजागरीपासून सरासरी ५० सेंमीवर. बिजागरीच्या मागे पाइप ३५ सेंमी वाढवून त्यावर २० किलो वाळूची गोणी बांधली, १४ गुणिले ५० आणि २० गुणिले ३५, दोन्ही ७००, तोल बरोबर. आता एका बोटाने जबडा वर-खाली होतो आणि मोटरला फक्त घर्षणाशी झगडायचंय. कागदाचे थर वाढले की वजन बदलतं, शेवटचा रंग दिल्यावर गोणी पुन्हा अॅडजस्ट करा.

वरचा जबडा मुशीसारखा पुढे सरकवायचा होता. ड्रॉवरचे चॅनल लावले, रिकाम्या कमानीला छान सरकले, दात चढल्यावर बांबूला पीळ बसला आणि चॅनल जाम. पाइपच्या रुळावर करायला पाहिजे, तेवढा वेळ नाही. वरचा जबडा चावण्याच्या क्षणी जितका बाहेर असेल तितका पुढे काढून तिथेच पक्का केला आणि तसं बोर्डवर लिहिणार.

१७ ऑगस्ट, रविवार

आज लोखंडाला हात लावला नाही, दिवसभर बोर्ड. आणि सगळ्यात जास्त डोकं यातच गेलं.

मजकुरात आधी साधं लिहिलं होतं, सिनेमातला शार्क ७५ फूट म्हणजे २२.९ मीटर, खरा १५-१६ मीटर, सिनेमाने वाढवून सांगितलं. सिनेमा आला तेव्हा बरेच जाणकार असंच म्हणत होते. पण याच वर्षी मार्चमध्ये नवीन शोधनिबंध आलाय आणि त्यात कमाल लांबी २४.३ मीटरपर्यंत असू शकते असं मांडलंय. म्हणजे सिनेमापेक्षाही जास्त. वाचल्यावर बोर्ड पुसला.

त्यांचा हिशेब मुलांना करून दाखवण्यासारखा आहे. बेल्जियमच्या मणक्यांची ओळ साधारण ११ मीटर, पुढे डोकं आणि मागे शेपूट जोडलं की तो शार्क १६.४ मीटरचा. त्याचा सगळ्यात मोठा मणका १५.५ सेंमी व्यासाचा. डेन्मार्कमध्ये मात्र २३ सेंमीचे मणके मिळालेत. २३ भागिले १५.५ गुणिले १६.४. ओंकारने कॅल्क्युलेटर न घेता केलं, २४.३ आलं आणि त्याने हात वर करून नाचायला सुरुवात केली. हे त्रैराशिक आहे, अख्खा सांगाडा नाही, दुसरे संशोधक दातांवरून किंवा पांढऱ्या शार्कच्या प्रमाणावरून गेले तर आकडा कमी येतो. वाद चालू आहे आणि तो तसाच लिहायचा.

पण त्याच निबंधात दुसरी गोष्ट आहे जी सिनेमाच्या विरुद्ध जाते. त्यांच्या मते मेगालोडॉन पांढऱ्या शार्कसारखा आडदांड नव्हता, लेमन शार्कसारखा सडपातळ, लांबोडा होता. सिनेमात दाखवलाय तो पांढरा शार्कच, मोठा केलेला. मी वजनाचं गणित करून बघितलं. २०२२ च्या आडदांड मॉडेलमध्ये १५.९ मीटरला ६१.५ टन वजन आहे. तोच आकार २२.९ मीटरला ओढला तर वजन लांबीच्या घनाने वाढतं, जवळजवळ १८४ टन होतात, म्हणजे सगळ्यात मोठ्या निळ्या देवमाशांच्या घरात. आणि नवीन सडपातळ मॉडेल २४.३ मीटर असूनही ९४ टनच. माझ्या मते इथे सिनेमाचं बरोबर आणि चूक दोन्ही एका जागी दिसतं, लांबी चालून जाते, जाडी चालत नाही.

बाकीचं पटापट लिहून झालं. सिनेमात मारियाना गर्तेच्या तळाला थंड थराखाली झाकलेलं जग आहे आणि तिथे हे शार्क टिकून राहिलेत. ही कल्पना मला फार आवडते आणि ती होऊ शकत नाही. गर्त जवळजवळ ११ किलोमीटर खोल, दाब वरच्या हजार पटींहून जास्त, आणि मुख्य म्हणजे तिथे खाणार काय. मेगालोडॉनचं शरीर आजूबाजूच्या पाण्यापेक्षा साधारण ७ अंशांनी गरम असायचं असं दातांच्या रसायनावरून निघालंय, रोजची भूक ९८,००० किलोकॅलरींच्या घरात धरलीये. असा प्राणी देवमासे फिरतात तिथे राहतो, काळोख्या तळाला नाही. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला तो टी-रेक्सला खाताना दाखवलाय, तो तर काळाचाच घोळ, डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले आणि मेगालोडॉन साधारण २.३ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास आला.

२३ ऑगस्ट, शनिवार

आवाजावरून दोन तास. मुलांना डरकाळी हवी, मोठा स्पीकर तयार आहे, मोबाइलमध्ये वाघाची डरकाळी संथ करून ठेवलेली. शार्कला स्वरयंत्र नसतं, तो डरकाळी फोडत नाही. मी सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्यांनी, पण नाराजीने. म्हणून दोन्ही लावून बघितलं, अंधार करून, आधी डरकाळीसकट आणि मग फक्त पाण्याचा खोल आवाज, तोही बारीक, आणि जबडा आपला सावकाश उघडतोय. डरकाळीला पोरं हसली. दुसऱ्या वेळी कुणी बोललं नाही, लहान मीरा जाऊन आईला चिकटली. मतदान घ्यावंच लागलं नाही.

सिनेमातला तो सीन आठवा, पाण्याखालच्या स्टेशनमध्ये छोटी मुलगी काचेपाशी उभी असते आणि समोरच्या निळ्यातून शार्क येऊन काचेवर जबडा लावतो. सिनेमाची सगळी जादू त्या एका मापात आहे, ती मुलगी आणि तो जबडा. तेवढं माप जर आपण नीट ठेवलं तर अजून काही लावावं लागत नाही.

रक्ताचा लाल रंग नाही लावला. हिरड्यांना मळकट गुलाबी, कूर्चेला पिवळसर पांढरा. त्याच्या अंगाचा रंग कुणाला माहीत नाही म्हणून कातडीचा मोह सोडला ते बरंच झालं.

चेनची खडखड फार होती, ग्रीस लावलं, अर्धी गेली. चेनवर पत्र्याचं कव्हर केल्याशिवाय मोटर चालू करायची नाही असा नियम केलाय, बोटं जाऊ शकतात.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या चतुर्थी. ऑफिसमधून अर्धा दिवस सुट्टी घेऊन जोडणी.

एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय, प्लास्टिकच्या डब्यात, जमिनीपासून तीन फूट वर, पार्किंगमध्ये पाणी येतं. जबड्यापर्यंत फक्त १२ व्होल्ट जातात. लाइनला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं. जबड्यापुढे दोरी, मोटर चालू असताना आत कुणी नाही, फोटोसाठी बंद करून मगच आत, स्विचपाशी कायम एक मोठा माणूस.

मग रस्ता. जबड्याच्या टोकाला शून्य धरून पांढऱ्या रंगाने खुणा. ६ मीटर, आजचा मोठा पांढरा शार्क. १५.९ मीटर, २०२२ चं मॉडेल. २२.९ मीटर, सिनेमा. २४.३ मीटर, २०२५ चा अंदाज. पीएमपीच्या १२ मीटरच्या बस दोन लावल्या तर पुढच्या बसचं तोंड जबड्यात आणि मागच्या बसची शेपूट शेवटच्या खुणेपाशी. पाठीवरचा पर १.६२ मीटर उंच, १६ मीटरच्या मापाने, तट्ट्याचा कापून रस्त्याच्या कडेला उभा केला. सईची आई शेजारी उभी राहिली, बरोबर तेवढीच.

३१ ऑगस्ट, रविवार

गर्दी चांगली आहे, आजूबाजूच्या सोसायट्यांतूनही लोक येतायत. मी जबड्यापेक्षा रस्त्याकडे बघत बसते. लहान मुलं जबड्याकडे धावतात पण मोठी माणसं बोर्ड वाचून खुणा मोजत चालायला लागतात. ६ वर थांबतात, वळून बघतात, १६ पर्यंत बोलत जातात आणि गेटजवळच्या खुणेला पोचून मागे वळले की बोलणं थांबतं. एक आजोबा काठी टेकत शेवटपर्यंत गेले आणि तिथून ओरडून नातवाला विचारत होते, तोंड तिकडेच ना रे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, अजून कुठेतरी जिवंत असेल का. सिनेमाने हा प्रश्न लोकांच्या मनात पेरलाय आणि मला तो चांगलाच वाटतो, कारण त्याचं उत्तर समोर दातांकडे बोट दाखवून देता येतं. एक शार्क आयुष्यात हजारो दात टाकतो. जिवंत असता तर ताजे पांढरे दात समुद्रात मिळाले असते, देवमाशांवर तेवढे मोठे चावे दिसले असते. मिळतात ते सगळे जुने, सुमारे ३६ लाख वर्षांच्या अलीकडचे खात्रीचे नाहीत. काहीजण पुण्यात मिळतील का विचारतात. इथे पायाखाली सगळा बसाल्ट, लाव्हाचा, मिळायचे नाहीत, पण ओडिशात बारीपाद्याच्या थरांतून मिळालेत. हे ऐकून एका काकांनी बायकोला पुरी-जगन्नाथच्या ट्रिपला जोडून घेऊ म्हटलं.

आणि एक. बोर्ड वाचून कुणाचाही सिनेमाचा मूड गेला नाही. उलट तिघा-चौघांनी तरी 'आज घरी गेल्यावर परत लावतो' म्हटलं.

बिघाड एकच, स्पीड कंट्रोलर तापून बंद पडला. पसोड्या विठोबाजवळून जास्त अँपिअरचा आणला, छोटा पंखा लावला. दोन तास जबडा बंद. तेवढ्या वेळात फोटोंची रांग मात्र दुप्पट.

१४ सप्टेंबर, रविवार

विसर्जन होऊन आठवडा झाला, आज मोडणी आणि हिशेब.

बांबू आणि तट्टे १,४००. पाइप आणि वेल्डिंग २,२००, वर्कशॉपमधले उरलेले तुकडे मालकांनी तसेच दिले ते वेगळे. फोम २,४५०. फेव्हिकॉल, सोल्यूशन, मैदा, मोरचूद १,६५०. मोटर, एसएमपीएस, दोन्ही कंट्रोलर, चेन १,९००. रंग १,३५०. कापडी बॅनर ८००. प्लास्टर ९००, वाया. एकूण १२,६५०. वरचे ६५० उरलेली रद्दी विकून आणि ओंकारच्या बाबांनी भरून जमवले. प्लास्टर टाळलं असतं तर २०२५ च्या या दरांत ११,७५० मध्ये झालं असतं.

पुन्हा करायचं झालं तर वरच्या जबड्याला पाइपचा रूळ करेन, ती सरकण्याची हालचाल लोकांना दाखवायची राहिली याची खूप चुटपुट आहे. आणि १६ मीटरच्या मापाचा जबडा २४ मीटरच्या रेषेला जोडला गेलाय हे काही चौकस लोकांनी बरोबर पकडलं, पुढच्या वेळी रेषेवर वेगवेगळ्या रंगात सडपातळ आणि आडदांड दोन्ही आकृत्या पूर्ण काढायच्या, म्हणजे जबडा कोणाचा ते स्पष्ट होईल.

जवळच्या एका शाळेने डिसेंबरच्या विज्ञान प्रदर्शनासाठी जबडा मागितलाय. १.७ मीटरची कमान त्यांच्या हॉलच्या दारातून जात नाही, म्हणून वरची आणि खालची दोन्ही मधोमध कापून आत पाइपची स्लीव्ह घातली, प्रत्येक जोडाला १० मिलिमीटरचे दोन बोल्ट. कापण्याआधी प्रत्येक दाताच्या मागे मार्करने बाजू आणि नंबर लिहा. कोपऱ्याकडचे दात मागे कललेले असतात, डाव्या बाजूचा दात उजवीकडे बसत नाही.